बाबांनी ओके केलेला संग्रह

उल्हासनगरच्या एका चष्म्याच्या दुकानात मी नंबर काढते. म्हणजे दिवसभर लोकांच्या डोळ्यांसमोर भिंगं बदलत एकच प्रश्न विचारते, हे बरं दिसतं की हे? सव्वीस वर्षं झाली. या प्रश्नाला माणसं खरं उत्तर देत नाहीत हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. काही जण मला वाईट वाटू नये म्हणून "दोन्ही छान आहेत" म्हणतात. बाकीच्यांना ही परीक्षाच वाटते, आणि परीक्षा म्हटली की कॉपी आलीच.

आमचा भिंतीवरचा मराठी अक्षरांचा चार्ट अकरा वर्षं एकच होता. वर मोठा 'क', मग 'र ग', मग 'म ल ट', असा खाली बारीक बारीक होत जाणारा. लायसन्ससाठी डोळ्यांचं सर्टिफिकेट लागणारे रिक्षावाले तो बाहेरच्या बाकावर एकमेकांकडून पाठ करून घ्यायचे. बदलापूरजवळच्या एका गावचे काका होते, जमिनीचे व्यवहार आटोपल्यावर डोळ्यांकडे बघायला फुरसत मिळालेले. ते खुर्चीत बसले आणि मी भिंग लावायच्या आधीच म्हणाले, "बाय, वरशी सांगू का खालशी?"

त्या दिवशी मी शेठना म्हटलं, आता चार्ट बदलायचा. आमचे शेठ सिंधी, मनाने मोठे, पण चालू वस्तू बदलायची म्हटली की ते अडून बसतात. "चल रहा है ना मॅडम? अक्षर तो वही रहेंगे, थोडे इधर-उधर करके क्या मिलेगा?" मी म्हटलं, इधर-उधर हाच तर मुद्दा आहे. महिनाभराने ते तयार झाले.

त्याच सुमाराला माझा कवितासंग्रह छपाईला निघाला होता. नंबर लिहायच्या कार्डांच्या पाठीवर मी वर्षानुवर्षं कविता लिहीत आले आहे. सगळ्या बघण्याबद्दलच्या, कारण मला दुसरं काही येत नाही. पहिल्यांदा चष्मा लागलेली मुलगी दुकानाबाहेर जाऊन झाडाची पानं सुटी सुटी बघते, ती एक. नवा नंबर लागल्यावर स्वतःच्या स्वयंपाकघरातली धूळ दिसून रडकुंडीला आलेली बाई, ती एक. एकच डोंगर अंबरनाथहून टोकदार दिसतो, बदलापूरहून बसका दिसतो आणि उल्हासनगरहून दिसतच नाही, मध्ये दुकानांचे बोर्ड येतात, तीही एक. अशा बेचाळीस जमल्या.

आता बाबांबद्दल सांगायला हवं. बाबा अंबरनाथच्या एका कारखान्यात इन्स्पेक्टर होते. मशीनवरून उतरलेला प्रत्येक नग हातात घेऊन, उजेडाकडे धरून, मापाचं गेज लावून तो पास की रिजेक्ट ते ठरवायचं, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर कारखाना सुटला, काम सुटलं नाही. माझी रांगोळी त्यांनी रिजेक्ट केली, माझ्या पोळ्या केल्या, मला सांगून आलेली चार स्थळं केली. पाचव्याला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, त्यांनी 'कंडिशनल पास' दिला आणि ती कंडिशन कुठली हे बिचाऱ्याला अजून कळलेलं नाही. मला बाबांकडून आयुष्यात एकदा बिनशर्त पास हवा होता. पन्नाशी उलटलेल्या बाईला हे लिहायची लाज वाटायला हवी, पण आहे ते आहे.

म्हणून प्रुफं तपासायला मी बाबांकडे दिली. ते आणि आई बदलापुरात हेंद्रेपाड्यात राहतात, मी मांजर्लीला, चालत पंधरा मिनिटांवर. गठ्ठा मी उघडलासुद्धा नाही. आपण बनवलेला नग आपण तपासू नये, हे बाबांचंच तत्त्व. पंधरा दिवसांनी गठ्ठा परत आला. मी कोपरे तेवढे भराभर उलटून पाहिले. एकूण एक पानावर लाल पेन्सिलीने 'ओके' आणि खाली सही. एकही रिजेक्ट नाही. काही पानांवर ओके तिरका गेला होता, काहींवर तर कवितेच्या मधोमध बसला होता. मला वाटलं, भावनेच्या भरात झालं असेल. मी घरी जाऊन दार लावून रडले आणि मग नवऱ्याला सांगितलं की कांदा चिरत होते.

बाबांच्या नजरेबद्दल शंका यायचं कारणच नव्हतं. दर दिवाळीआधी ते दुकानात येत, खुर्चीत बसत आणि चार्ट शेवटच्या ओळीपर्यंत खणखणीत वाचत. कम्प्युटर मशीनवर मात्र हनुवटी ठेवायला त्यांचा ठाम नकार. "हे यंत्र शेवटचं कॅलिब्रेट कधी केलं? रेकॉर्ड दाखव." रेकॉर्ड नसायचं. मग मी हसून तो विषय सोडून द्यायची. उन्हाचा त्रास होतो म्हणून त्यांना तपकिरी काचांचा चष्मा हवा होता, तोही मीच करून दिला होता. ते तो घरातही घालून बसत.

संग्रह छापून आला तो प्रकाशनाच्या दिवशी सकाळी. मी कव्हर पाहिलं, वास घेतला, अर्पणपत्रिका दोनदा वाचली आणि साडी नेसायला गेले. बदलापूर पश्चिमेच्या एका वाचनालयाचा हॉल, सत्तर खुर्च्या, समोशांचा पुडा मागच्या टेबलावर. शेठ पहिल्या रांगेत बसले होते. त्यांना मराठी कविता कळत नाही, पण त्यांनी पंचवीस प्रती आधीच घेऊन ठेवल्या होत्या, चष्म्यासोबत फुकट द्यायला. अध्यक्ष म्हणून उल्हासनगरचे एक निवृत्त प्राध्यापक आले होते. हे फार वाचणारे आणि त्याहून जास्त बोलणारे. त्यांना छापखान्याने पुस्तकाची पानं आदल्या दिवशीच पोचवली होती.

प्राध्यापकांनी अर्धा तास प्रस्तावना केली. मग पुस्तक उघडून म्हणाले, "पण या संग्रहाचा गाभा आहे पान त्रेचाळीसवर. शीर्षक नसलेली ही रचना. मी काल रात्रभर हिच्याशी झगडलो." मला शीर्षक नसलेली कविता लिहिल्याचं आठवेना. मी समोरची प्रत उघडली.

पान त्रेचाळीसवर आमचा नवा चार्ट होता. वर मोठा 'ब', खाली 'थ फ', त्याखाली 'स द च', पार तळाला मुंगीएवढी अक्षरं. चूक कुणाची हे मला तिथेच, हातात पुस्तक असतानाच, कळलं. डीटीपीवाल्या बाईंना कविता आणि चार्ट मी एकाच दुपारी फोनवरून पाठवले होते आणि दोन्हींना नाव दिलं होतं 'डोळे फायनल'. त्या बाईंनी एका नावाचं सगळं एका पुस्तकात घातलं. दुसरं कुणी काय केलं असतं?

प्राध्यापक बोलतच होते. "अक्षर मोठं असतं तेव्हा एकटं असतं. लहान होत गेलं की त्याला सोबत मिळते. पण त्याच वेळी ते दिसेनासं होतं. मित्रहो, हा आपल्या शहरांचा इतिहास आहे." हॉलमध्ये कुणीतरी "वा" म्हटलं.  उठून सांगावं की हा चार्ट आहे, तर माणसाची झोपेविना गेलेली रात्र फुकट. न सांगावं तर मी लबाड. मी पाणी प्यायले.

तेवढ्यात त्यांनी ऋणनिर्देशाचं पान काढलं. "मुद्रितशोधन कवयित्रीच्या वडिलांनी केलंय. ही रचना त्यांच्याच आवाजात ऐकू या." टाळ्या झाल्या. आईने बाबांना कोपराला धरून स्टेजपर्यंत आणलं, एक पायरी आहे हे हळूच सांगितलं. वयाच्या मानाने ते बरोबरच वाटलं. मी उठून उघडी प्रत त्यांच्या हातात दिली. बाबांनी मान खाली घालून मला विचारलं, "कुठली आहे?"

माझी समजूत अशी की चूक त्यांच्या लक्षात आली आहे आणि आता ते सगळ्यांसमोर मला झापणार. मी ओठ न हलवता म्हटलं, "बाबा, आपला दुकानाचा चार्ट आलाय चुकून. सांभाळून घ्या."

त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. पुस्तक हातभर लांब धरून, छाती पुढे काढून, त्यांनी सुरुवात केली. "क. र, ग. म, ल, ट." प्रत्येक ओळीनंतर थांबत, आवाज उतरवत, शेवटची ओळ तर जवळजवळ कुजबुजत. तळाचं अक्षर म्हणून झाल्यावर हॉलमध्ये असा कडकडाट झाला की शेठही उभे राहून टाळ्या वाजवू लागले. प्राध्यापकांनी डोळे मिटून घेतले होते, त्यामुळे त्यांना काही खटकलं नाही. दुसऱ्या रांगेतल्या एका बाईंनी मात्र आपल्या प्रतीत पाहिलं, बाबांकडे पाहिलं, चष्मा पदराने पुसला आणि परत पाहिलं. त्या सोमवारी दुकानात आल्या. नंबर बदललाय का बघा म्हणाल्या.

मी टाळ्या वाजवल्या नाहीत. पानावर 'ब' होता आणि बाबांनी 'क' म्हटलं होतं. नवा चार्ट भिंतीवर लागून दोनच आठवडे झाले होते आणि बाबा त्यानंतर दुकानात आलेच नव्हते.  हार, फोटो, समोसे, सगळं झालं, पण त्यातलं मला काही आठवत नाही.

त्यांच्या घरी पोचल्यावर मी बाबांना दिव्याखाली बसवलं, तपकिरी चष्मा काढला आणि मोबाईलचा टॉर्च डोळ्यात मारला. दोन्हीकडे मोतीबिंदू. चांगला पिकत आलेला, जुन्या कपातल्या चहाच्या डागासारखा. दिवसाला वीस-पंचवीस डोळे मी बघते आणि हे दोन बघितले नव्हते.

"किती दिवस?" मी विचारलं.

"दोनेक वर्षं."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"तू तपासलंस ना दरवर्षी? पास केलंस." बाबा ताठ बसून होते. "अकरा वर्षं एकच गेज भिंतीवर टांगून ठेवायचं आणि नग फसवतो म्हणायचं. हा इन्स्पेक्टरचा दोष आहे."

मी आयुष्यात पहिल्यांदा बाबांवर ओरडले. काय ओरडले ते लिहीत नाही, शेजारच्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला एवढं सांगते. त्यांचा एक जुना सहकारी ऑपरेशननंतर महिनाभर डोळा धरून बसला होता, त्याची भीती त्यांनी घेतली होती. हे एक कारण. दुसरं त्यांनी भिंतीकडे बघत सांगितलं. "दिसत नाही म्हटलं असतं तर प्रुफं दुसऱ्या कुणाला दिली असतीस."

यावर माझं ओरडणं बंद पडलं. मग मला दुसरीच गोष्ट सुचली आणि ती जास्त लागली. "म्हणजे तुम्ही माझ्या कविता वाचल्याच नाहीत. ते ओके?"

आता आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. माझी आई सातवी शिकलेली. कविता म्हटलं की ती "हो का, छान" म्हणून गॅस बारीक करायला जाते. ती म्हणाली, "मी वाचून दाखवल्या. रोज दुपारी जेवणं झाल्यावर. हे ऐकायचे आणि म्हणायचे, हं, दे पेन्सिल. मी कोपऱ्यावर बोट ठेवायचे, हे सही करायचे."

"आणि चार्टचं पान?"

"एकेक अक्षर सुटं सुटं होतं गं. मला वाटलं, हल्ली अशाच करत असतील. ह्यांना सांगितलं, चित्र आहे."

"मला का नाही सांगितलंस, आई?"

"ह्यांनी शपथ घातली होती." ती पदराला हात पुसत राहिली. "आणि तू दिवसभर लोकांचे डोळेच बघतेस. म्हटलं, आज ना उद्या तुला दिसेलच."

बाबा मध्येच म्हणाले, "नोकरीत मी न बघता एका नगावर सही केली नाही. तुझ्या पुस्तकावर केली." हे त्यांनी कबुलीजबाबासारखं म्हटलं आणि झोपायला गेले. संध्याकाळचे साडेसात वाजले होते.

कल्याणला एका दवाखान्यात दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली, महिन्याच्या अंतराने, सुरळीत. पहिली पट्टी निघाल्यावर बाबा स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून म्हणाले, "इथे पिवळा रंग कधी दिला?" आई म्हणाली, दीड वर्ष झालं. दुसरी पट्टी निघाल्यावर तर घराचं रीतसर इन्स्पेक्शन सुरू झालं. बाथरूमची फरशी एका बाजूला दोन सूत खाली आहे, रिजेक्ट. पंख्याच्या पात्यावर धूळ, रिजेक्ट. समोरच्या इमारतीचा बोर्ड वाकडा लावलाय, सोसायटीला पत्र. आईच्या चेहऱ्याकडे ते बराच वेळ बघत होते, तर ती म्हणाली, "आता मला रिजेक्ट करू नका, बदलून मिळणार नाही." मला ती फोनवर म्हणाली की दिसत नव्हतं तेच दिवस सुखाचे होते.

मग त्यांनी संग्रह वाचायला घेतला. रोज सहा कविता, खिडकीत बसून, हातात लाल पेन्सिल. मी त्या आठवड्यात मुद्दाम तिकडे फिरकले नाही.  सातव्या दिवशी संध्याकाळी दुकान सुटल्यावर गेले. पुस्तक टेबलावर होतं. बाबांनी चष्म्याशिवाय माझ्याकडे पाहिलं. ही नजर मी विसरलेच होते.

"स्पष्ट सांगू?"

"सांगा."

"तुझी आई वाचायची तेव्हा बऱ्या वाटायच्या. स्वतः वाचल्या, तेवढ्या नाहीत."

मला हसू आलं आणि लागलंही, दोन्ही एकदम. त्यांनी पुस्तक उघडून दाखवलं. नऊ पास. तेवीस रिजेक्ट, प्रत्येकीखाली कारण लिहिलेलं. नऊ कंडिशनल. मी मनात बेरीज केली आणि म्हटलं, "एकेचाळीसच झाल्या, बाबा."

"हो. एकीवर मी काही लिहिलेलं नाही." त्यांनी एक पान काढून माझ्यासमोर धरलं. "ही नवीन घातलीस का मागाहून?"

ती मागाहून घातलेली नव्हती. ती त्यांच्यावरची होती. कारखान्याचा इन्स्पेक्टर रविवारी मुलीची वही खिडकीशी नेतो, पान उजेडाकडे धरतो आणि तिने खोडरबराने पुसलेलं मूळ उत्तर वाचतो, जगात त्याच्या नजरेतून काही सुटत नाही, अशी. खरं सांगायचं तर साऱ्या संग्रहात मला तीच आवडत होती.

"नाही," मी म्हटलं. "ती पहिल्यापासून होती. प्रुफांतही होती. त्या पानावर तुमचं ओके आहे."

"मी ऐकलेली नाही," बाबा म्हणाले. पान त्यांनी मिटलं नाही, तसंच बोट ठेवून बसले, आणि खिडकीबाहेर बघू लागले.

मी स्वयंपाकघरात गेले. आई खाली बसून मेथी निवडत होती. मी दार लोटून घेतलं आणि तिला हळू आवाजात विचारलं, बाबांवरची कविता तू त्यांना का नाही वाचून दाखवलीस, विसरलीस का?

"विसरेन कशी?" आईने जुडी खाली ठेवली नाही. "दोनदा सुरू केली. ती सारखी म्हणते, ह्यांना सगळं दिसतं, ह्यांना सगळं दिसतं. आणि हे समोर पेन्सिल धरून बसलेले, मी कोपरा दाखवायची वाट बघत. माझ्याच्याने वाचवेना. कोपऱ्यावर बोट ठेवलं, म्हटलं, करा सही. मनात म्हटलं, नजर परत आली की स्वतःच वाचतील."